हृदयाचे सस्पेन्स खाते

आपल्याकडे हृदयाच्या बाबतीत माणसांचे दोनच वर्ग असतात. एक ‘ॲटॅक येऊन गेलेल्यां’चा, दुसरा ‘ठणठणीत’ असणाऱ्यांचा. मधल्या जागेत राहणाऱ्याचे काय करायचे, हे आप्तेष्टांना कळत नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, थांबवण्यासाठी ॲब्लेशन करून घेतलेला माणूस नेमका या मधल्या जागेत असतो. गेले दोन महिने माझा मुक्काम तेथेच आहे.

भेटायला येणारे विचारतात, “टाके किती पडले?” छाती उघडलीच नाही म्हटले की त्यांचा चेहरा पडतो. जांघेतील शिरेतून बारीक नळ्या हृदयात नेतात आणि मधला पडदा भेदून डाव्या वरच्या कप्प्यात शिरतात. फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरा तेथे उघडतात. ठोक्यांचे बंड बहुधा याच शिरांतून सुरू होते, हे फ्रान्समधील बोर्दोच्या मिशेल आयसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा अतिथंडाव्याने व्रण करतात. व्रणातून वीज वाहत नाही. तेच कुंपण.

पण कुंपण एका दिवसात पक्के होत नाही. आत सूज असते, व्रण भरायचा असतो. म्हणून पहिल्या आठ ते बारा आठवड्यांत ठोके पुन्हा बिघडले, तरी डॉक्टर त्याला लगेच अपयश म्हणत नाहीत. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. नवखा कारकून ती कुठल्यातरी खात्यात ढकलून मोकळा होऊ पाहतो. मुरलेला माणूस कागद येईपर्यंत थांबतो. हृदयाच्या बाबतीत आपण सगळेच नवखे. रात्री छातीत फडफड झाली की माझी बोटे नाडीवर जातात. “अहो, मनगट सोडा आता, ते काय कॅश काउंटर आहे?” असे पत्नी म्हणते, तेव्हा हसू येते आणि झोपही.

घाईचा खरा धोका मात्र वेगळा आहे. “ॲब्लेशन झाले ना? मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?” हा सल्ला मला तीन जणांनी दिला. या विकारात डाव्या वरच्या कप्प्याच्या एका कोनाड्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने गोळी घ्यावीच लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका यांवर ठरते; ‘आता बरे वाटते’ यावर नव्हे. बेताल ठोके कित्येकदा जाणवतही नाहीत.

व्रण टिकवायचा तर बाकीचा संसारही सुधारावा लागतो. वजन, रक्तदाब, साखर, झोपेतील घोरणे व श्वास अडकणे आणि मद्य यांकडे लक्ष दिलेल्या रुग्णांत ॲब्लेशन अधिक टिकले, असे ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये दाखवले.

यातले बरेचसे मला विचारून, खोदून कळले. घरी जाताना हातात पडला तो इंग्रजी कागद. तो समजायला बँकेतली चाळीस वर्षेही पुरली नाहीत. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याने काय करावे? माझे म्हणणे एवढेच, की हा कागद मराठीत असावा आणि त्यावर चार गोष्टी ठळक छापाव्यात. गोळी स्वतःहून बंद करू नये. पहिल्या महिन्यात अवजड उचलायचे किंवा गाडी चालवायची ती डॉक्टरांना विचारूनच. पहिले काही आठवडे ताप, गिळताना वेदना, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले, तर ताबडतोब इस्पितळ गाठावे. आणि चौथी घरच्यांसाठी: तीन महिने ‘बरे झाले का?’ असे विचारू नये.