एकाच संघातले दोघे



गेल्या महिन्यात आमच्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेत एक छोटीशी घटना घडली. शाळेच्या मागच्या खोलीत मुलांसाठी पुस्तकांचे एक कपाट आहे. खालच्या कप्प्यात मराठी गोष्टी, वरच्या कप्प्यात मोठ्या मुलांसाठी इंग्रजी पुस्तके. त्यात कोणीतरी ज्युलियन विंटर्स या अमेरिकन लेखकाची 'रनिंग विथ लायन्स' ही २०१८ सालची कादंबरी आणून ठेवली होती. दोन पालकांनी ती चाळली आणि "हे आपल्या मुलांसाठी नाही" अशी तक्रार केली. समितीच्या बैठकीत दहा मिनिटे चर्चा झाली आणि पुस्तक 'तूर्त' काढून ठेवायचे ठरले.

त्या बैठकीला मी हजर होतो आणि मी काहीही बोललो नाही. पुस्तक वाचले नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण असे की चहा थंड होत होता आणि कोणालाच वाद नको होता.

पुस्तक घरी आणले आणि दोन रात्रींत वाचून काढले. गोष्ट साधी आहे. शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक सेबॅस्टियन आणि त्याचा दुरावलेला बालमित्र एमिर शाह हे उन्हाळी सराव शिबिरात पुन्हा समोरासमोर येतात. एमिर पाकिस्तानी वंशाच्या मुस्लिम घरातला. आधी रुसवा, मग सराव, मग मैत्री, मग प्रेम. साहित्य म्हणून फार थोर आहे असे मी म्हणणार नाही. पुढे काय होणार हे आधीच कळते, जसे आपण कॉलेजात चोरून वाचलेल्या प्रेमकथांत कळायचे. कोणाला धक्का बसावा असे मला त्यात काही आढळले नाही. खटकले ते वेगळेच. या गोष्टीत संघाचा प्रशिक्षक कोणालाही आपली ओळख लपवायला सांगत नाही. संघातली मुले या दोघांची थट्टा करतात, पण ती एखाद्या मुलीवरून करतील तशीच. आणि शेवट गोड आहे. माझी पहिली प्रतिक्रिया होती, "हे खरे नाही. असे कुठे होते?"

व्यवसायाने मी संशोधक. 'खरे नाही' असे वाटले की आधी नोंदी बघायच्या, ही सवय.

इंग्लंडच्या पुरुष फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत ९२ क्लब आहेत. प्रत्येकाचे वीस-पंचवीस खेळाडू धरले तरी दोन हजारांच्या आसपास होतात. १९९० साली जस्टिन फॅशानूने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर इथल्या एखाद्या खेळत्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने तसे उघडपणे सांगायला २०२२ चा मे महिना उजाडला. तो ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय वर्षे १७. मधली ३२ वर्षे पूर्ण शांतता. जर्मनीकडून ५२ सामने खेळलेला, इथेही अ‍ॅस्टन व्हिला आणि एव्हर्टनकडून खेळलेला थॉमस हित्सलस्पर्गर बोलला, पण निवृत्त झाल्यावर, २०१४ साली.

फॅशानूचे काय झाले ते आठवले तर या शांततेचे कारण कळते. १९८१ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंड देऊन घेतले. एवढी किंमत मिळालेला तो पहिला ब्रिटिश कृष्णवर्णीय खेळाडू. तो गे लोकांच्या क्लबांत जातो हे कानावर आल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याची खरडपट्टी काढली आणि तो प्रसंग पुढे स्वतःच आत्मचरित्रात लिहिला. १९९० साली सख्ख्या भावाने त्याला जाहीरपणे झिडकारले. अमेरिकेत एका १७ वर्षांच्या मुलाने त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. त्याचा निवाडा न्यायालयात होण्याआधीच, १९९८ च्या मे महिन्यात, त्याने लंडनमध्ये आत्महत्या केली. त्याच्या मृत्यूचे सारे खापर फुटबॉलवर फोडणे बरोबर नाही. पण त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक पोराने यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात काहीच सापडले नाही, तर 'ते तिथे नाही' असे आम्ही लगेच म्हणत नाही. आधी उपकरण तपासतो. दुसरा नमुना घेतो. इथे तो दुसरा नमुना आयता आहे आणि तो म्हणजे महिलांचे फुटबॉल. तीच ९० मिनिटे, तेच मैदान, त्याच आकाराचा चेंडू. २०१९ च्या जूनमध्ये पॅरिसला विश्वचषकात स्वीडनने कॅनडाला हरवले. सामना संपल्यावर स्वीडनची बचावपटू माग्दालेना एरिकसन प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या जोडीदारीणीकडे गेली आणि दोघींनी चुंबन घेतले. ती जोडीदारीण म्हणजे डेन्मार्कची कर्णधार पर्निल हार्डर. ते छायाचित्र जगभर गेले. २०२० ते २०२३ या दोघी चेल्सीकडून एकाच संघात खेळल्या, विजेतीपदे मिळवली आणि नंतर दोघी मिळून बायर्न म्युनिकला गेल्या.

म्हणजे 'एकाच संघातले दोघे प्रेमात पडतात आणि संघ कोसळत नाही' ही गोष्ट कल्पित नव्हेच. ती घडलेली आहे, फक्त मैदानाच्या दुसऱ्या बाजूला. मग पुरुषांच्या बाजूला काय कमी आहे? चेंडू नव्हे, कौशल्य नव्हे. ड्रेसिंग रूममधली माणसे आणि काठावर उभे राहून ओरडणारे आपण.

'आपण' हा शब्द मी विचार करून वापरतो. मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की आख्खी पेठ शाहू स्टेडियमवर लोटायची, त्या वातावरणात मी वाढलो. आमच्या गल्लीच्या पोरांच्या संघात उजव्या बगलेवर एक मुलगा खेळायचा. पायात वीज होती. बोलणे मऊ होते, चालणे जरा वेगळे होते. पोरांनी त्याला 'बायल्या' म्हणायला सुरुवात केली. मी त्याला पास द्यायचो आणि बाकीच्यांबरोबर हसायचोही. एका पावसाळ्यानंतर तो मैदानावर यायचा थांबला. तो समलिंगी होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. ते सांगायला आम्ही त्याला जागाच ठेवली नव्हती. आमच्या नोंदीतही तेव्हा शून्यच होते.

तक्रार करणारे दोन्ही पालक माझ्या ओळखीचे आहेत. सज्जन माणसे आहेत, मुलांच्या काळजीपोटी बोलले. त्यांचा एक मुद्दा वयाचा होता. पण त्याच कप्प्यात मुलगा-मुलीच्या प्रेमाच्या चार कादंबऱ्या आहेत, त्या कोणी चाळल्या नाहीत. दुसरा मुद्दा 'आपल्या संस्कृतीत हे नाही' हा. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली मराठी रंगभूमीवर आले. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आधी मराठीतच लिहिली गेली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. र. धों. कर्व्यांचे नाव आपण दर वर्षी अभिमानाने घेतो. लैंगिकतेबद्दल उघड लिहिले म्हणून त्यांना कोर्टात खेचणारे लोकही संस्कृतीचेच नाव घेत होते.

आणि ज्या देशात आपण राहतो त्याचीही एक आठवण ठेवू. १९८८ साली इथे 'सेक्शन २८' आले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये, असा तो कायदा. त्याच्या धाकाने शिक्षक गप्प झाले. इंग्लंडमध्ये तो २००३ साली रद्द झाला. संसदेला जे काढून टाकायला १५ वर्षे लागली, ते आम्ही मागच्या खोलीत दहा मिनिटांत परत आणले.

आमच्या शाळेत चाळीसेक मुले आहेत. त्यातली बरीच शनिवारी फुटबॉल खेळतात आणि मी काठावर उभा असतो. त्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ही गोष्ट स्वतःची वाटेल का, मला माहीत नाही. त्या मुलाने ते मला सांगावे अशी अपेक्षाही नाही. पण पुस्तक कपाटातून गेलेले त्याने पाहिले असेल, आणि का गेले हेही त्याला कळले असेल. मोठ्यांच्या बैठकीत काय ठरले ते मुलांना आपल्या आधी कळते.

पुढच्या बैठकीत पुस्तक परत त्याच कप्प्यात ठेवण्याचा ठराव मी मांडणार आहे. या वेळी चहा थंड झाला तरी चालेल. आपले मत वेगळे असेल तर जरूर लिहा, आपण ते छापू. एवढीच विनंती, की आधी पुस्तक वाचा. माझी प्रत मिळेल.