दादांची कात्रणे

वर्तमानपत्रात ‘कंपवातावर उपाय सापडला’ असा मथळा आला, की आमचे दादा तो कापून पंचांगात ठेवतात. कात्री चालवताना हात कापत नाही. मांडीवर विसावला की कापू लागतो, असा हा चमत्कारिक रोग आहे. गेल्या सहा वर्षांत तेरा कात्रणे जमली. तेराही ठिकाणी बरा झालेला गृहस्थ उंदीर होता!

आमच्या वडिलांचा हातही असाच कापे. तेव्हा थट्टा करता करता मलाही एक दिवस चौकशी करावीशी वाटली, की हा उंदीर आमच्या घराण्याचा लागतो तरी कोण?

कंपवाताच्या शंभर रोग्यांपैकी पाच-दहांचाच रोग एखाद्या बिघडलेल्या जनुकावर बोट ठेवून दाखवता येतो. पण रोगाचा माग लागला तो या थोड्यांमुळेच. इटलीतील कोन्तुर्सी गावच्या एका मोठ्या घराण्यात आणि ग्रीसमधील काही कुटुंबांत १९९७ साली दोष सापडला. आल्फा-सायन्यूक्लीन नावाचे मेंदूतील प्रथिन म्हणजे १४० मण्यांची माळ. तिच्यात ५३ व्या जागी अ‍ॅलनीनऐवजी थ्रिओनीन आलेले. चूक एवढीच! लेवी यांनी १९१२ साली रोग्यांच्या मेंदूत ज्या गुठळ्या पाहिल्या होत्या, त्या याच प्रथिनाच्या आहेत, हेही त्याच १९९७ साली कळले. दूध नासावे तसे हे प्रथिन नासते, आणि तेही घराण्यात रोग नसलेल्या रोग्यांतसुद्धा.

आता गंमत पाहा. उंदराच्या माळेत ५३ व्या जागी मुळातच थ्रिओनीन असते! आम्हांला जे बाधते ते घेऊन हा प्राणी आपले दोनएक वर्षांचे आयुष्य खुशाल काढतो. माणसाच्या आणि त्याच्या माळेत सात मण्यांचा फरक आहे, एवढे खरे.

मग शास्त्रज्ञांनी माणसाचेच सदोष जनुक उंदरात घातले. फिलाडेल्फियात २००२ साली असे उंदीर आठ ते सोळा महिन्यांचे होताच लुळे पडू लागले आणि त्यांच्या मेंदूत गुठळ्या आढळल्या. माणसाचे निर्दोष जनुक दिलेले उंदीर मात्र धडधाकट राहिले. पण मध्यमेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या ज्या पेशी मेल्यामुळे दादांचा हात कापतो, त्या या लुळ्या उंदरांत बहुतेक जिवंतच होत्या!

दुसरे जनुक पार्किन. ते जपानात १९९८ साली सापडले. मोडक्या प्रथिनांवर ‘टाकाऊ’ अशी चिठ्ठी लावणे हे त्याचे काम. अमेरिकेत हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. पेशी मोजल्या, तर एकही कमी नाही. मग २००४ साली बोस्टनच्या मंडळींनी मध्यमेंदूतील प्रथिनांचीच मोजदाद केली. चिठ्ठी लावणारा गेला, म्हणजे कचरा साचलेला दिसावा, असे कोणालाही वाटेल. दिसले भलतेच. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची काही प्रथिने आणि ऑक्सिजनच्या माऱ्यापासून पेशीचे रक्षण करणारी काही प्रथिने घटली होती. वाण्याच्या दुकानात बरण्या साऱ्या जागच्या जागी, पण माल तळाला गेलेला, तशातला प्रकार.

हे सारे मी दादांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे घराण्याचा दोष दिला तरी उंदराला आपल्यासारखा कंपवात होत नाही?”

“बहुधा हुबेहूब तसा होत नाही.”

“मग तो बरा कसला होतो?”

मी सांगितले, की त्याच्या प्रथिनांतला बिघाड सुधारतो. माणसाचा हात कापू लागेपर्यंत त्या पेशींपैकी बऱ्याचशा गेलेल्या असतात. उंदरात दिसते ते त्याच्या आधीचे. दादांच्या गोळ्यांनी कंप आवरतो, रोग आवरत नाही. पुढेमागे रोग आवरणारे औषध निघालेच, तर ते हात कापू लागण्याआधी घ्यावे लागेल, असा रंग आहे.

दादांनी पंचांग उघडले, तेराही कात्रणे काढली आणि माझ्यापुढे धरली.

“मग ही तुझ्या कामाची. घेऊन जा.”