आकार तोच, माप निराळे



गेल्या आठवड्यात दहावीत शिकणाऱ्या नातीने भूमितीचा एक नियम मला म्हणून दाखविला : समरूप आकृत्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हे त्यांच्या संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराइतके असते. मग तिने विचारले, "आजोबा, हे पुढे कधी उपयोगी पडते का?" मी म्हणालो, "मला पडायला हवे होते, पण पडले नाही." आणि माझी एक जुनी चूक तिला सांगितली. तीच आज आपणापुढे ठेवतो.

बँकेत मी नुकताच कर्ज विभागात आलो होतो. एका किराणा व्यापाऱ्यांनी गोदामासाठी कर्ज मागितले होते आणि तारण म्हणून आपला आयताकृती भूखंड देऊ केला होता. खरेदीखतात क्षेत्र १००० चौरस मीटर होते. सोबत नकाशाची छायाप्रत होती आणि तिच्या कोपऱ्यात 'प्रमाण १:५००' असे छापलेले होते. म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर हा जमिनीवरचे ५ मीटर. मी पट्टी लावली. बाजू सुमारे ५.७ आणि ३.५ सेंटीमीटर भरल्या. म्हणजे जमिनीवर २८.५ आणि १७.५ मीटर. क्षेत्रफळ जेमतेम ५०० चौरस मीटर. निम्मी जमीन नाहीशी!

व्यापारी समोरच बसले होते. मी जरा चढ्या स्वरात म्हणालो, "शेठजी, खतात हजार आणि नकाशात पाचशे, हे कसे?" त्यांचा चेहरा उतरला. ते एवढेच म्हणाले, "साहेब, टेप घेऊन चला. जमीन कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी जागेवर टेप धरली. ४० मीटर आणि २५ मीटर. पुरते १००० चौरस मीटर.

शाखाधिकाऱ्यांनी ती प्रत पाहून मला एकच प्रश्न केला, "मूळ नकाशा केवढ्या कागदावर आहे?" मूळ नकाशा ए-थ्री कागदावर होता आणि प्रत ए-फोरवर काढलेली होती. अशा वेळी यंत्र प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के करते. ८ सेंटीमीटरची बाजू ५.७ होते, ५ सेंटीमीटरची ३.५. लांबी आणि रुंदी दोन्ही ०.७१ पट झाल्या, की क्षेत्रफळ ०.७१ गुणिले ०.७१, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. आकृती लहान झाली, पण '१:५००' हे अक्षरांत लिहिलेले प्रमाण जसेच्या तसे राहिले. ते आता खोटे होते.

कोन बदलले नव्हते, बाजूंचे परस्पर गुणोत्तरही तेच होते. त्यामुळे कागदाचा संशय मला आला नाही, माणसाचा आला.

ज्यांच्या घरी जमिनीच्या किंवा घराच्या नकाशाच्या प्रती आहेत, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नकाशावर मीटरच्या खुणा केलेली रेषा, म्हणजे रेषाप्रमाण, असेल तर त्यावर विसंबावे. नकाशा आकसला की ती रेषाही तितकीच आकसते. ती नसेल तर एक बाजू प्रत्यक्ष जागेवर मोजावी आणि तिला कागदावरच्या लांबीने भागावे. आमच्या प्रतीत ४००० सेंटीमीटर भागिले ५.७, म्हणजे सुमारे ७०० हा खरा गुणक निघाला. लांबीला या गुणकाने गुणावे, क्षेत्रफळाला मात्र त्याच्या वर्गाने.

त्याच दिवशी मी शेठजींची क्षमा मागितली. कर्ज मंजूर झाले आणि गोदामही उभे राहिले. परंतु टेबलापलीकडचा तो उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

नातीने सारे ऐकून घेतले आणि वहीत त्या नियमाशेजारी पेन्सिलीने '०.७१' लिहून ठेवले.