खेळानंतरचा अर्धा तास



संध्याकाळी मैदानावर तुमचा फुटबॉलचा किंवा कबड्डीचा खेळ रंगतो. मगरिबची अजान झाली की खेळ थांबतो. तुम्ही घामाघूम होऊन घरी येता आणि थोड्या वेळाने पुस्तक उघडता. पण मन लागत नाही. एकच ओळ तीनदा वाचली, तरी अर्थ कळत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "परीक्षा जवळ आली, आता खेळ बंद!"

माझे मत वेगळे आहे. दोष खेळाचा नाही. खेळ आणि अभ्यास यांच्यामधला अर्धा तास आपण नीट वापरत नाही, हा खरा दोष आहे.

खेळताना हृदयाचे ठोके वाढतात, शरीर तापते. घामावाटे पाणी आणि क्षार बाहेर जातात. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते. पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. अंगातले पाणी कमी झाले आणि पोट रिकामे राहिले, की लक्ष टिकत नाही. म्हणजे तुमची बुद्धी मंद झालेली नसते, ती तहानलेली असते.

म्हणून खेळ संपताच एकदम बसू नका. पाच मिनिटे सावकाश चाला. हातपाय आणि तोंड गार पाण्याने धुवा. पाणी थोडे थोडे प्या. फार घाम आला असेल, तर साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले लिंबाचे सरबत घ्या. एखादे केळे किंवा मूठभर चणे खा. पोटभर जेवण मात्र अभ्यासानंतर करा, कारण भरल्या पोटी सुस्ती येते.

अभ्यासाला ताठ बसा. बिछान्यावर लोळत वाचाल, तर पुस्तकाआधी डोळे मिटतील! सुरुवातीला शुद्धलेखनासारखे सोपे काम घ्या. मन स्थिर झाले, की गणित सोडवा. रात्री कडक चहा पिऊन जागू नका. वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतही चालू असते. तुमच्या वयात ८ ते १० तासांची झोप हवी.

डॉ. तालिमेरेन आओ यांचे उदाहरण पाहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते. त्या काळात ते कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते. १९५० साली ते डॉक्टर झाले आणि पुढे नागालँडमध्ये त्यांनी रुग्णांची सेवा केली. मैदानाने त्यांच्या हातातले पुस्तक हिरावून घेतले नाही.

काही मुलामुलींना मात्र खेळ नव्हे, काम दमवते. कोणी दुकानात मदत करतो, कोणी पाण्याचे हंडे भरते. भिवंडी-मालेगावसारख्या गावांत कोणी यंत्रमागावर वडिलांच्या हाताखाली राबतो. अशांनी रात्री डोळे ताणत बसू नये. लवकर झोपावे आणि फजरच्या नमाजनंतर अभ्यास करावा. तेव्हा शरीर ताजे असते आणि गल्लीही शांत असते. पण एक गोष्ट मोठ्यांनीही लक्षात घ्यावी. मुलांच्या अभ्यासाची वेळ कामासाठी मागू नये. ती त्यांच्या हक्काची आहे.

मित्रांनो, खेळ सोडू नका आणि अभ्यासही टाळू नका. आठवडाभर हा अर्धा तास सांभाळून पाहा. मग खेळाची बाजू घरी मांडावी लागणार नाही. तुमची वहीच ती मांडेल.