खाणीचा अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव

अंबरनाथचे शिवालय शके 982, म्हणजे इसवी सन 1060 या वर्षीचे. ज्या काळ्या पाषाणातून ते घडविले, तसलाच कातळ मलंगगडापासून चंदेरीपर्यंतच्या डोंगरांत सर्वत्र भरलेला आहे. देवळानंतरची जवळजवळ नऊशे वर्षे या कातळास गावकऱ्यांची जोती, विहिरींची बांधणी आणि रेल्वेची कामे यांपलीकडे फारशी मागणी नव्हती. 1949 साली कल्याणच्या लष्करी छावणीतील निर्वासितांच्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले आणि चित्र पालटू लागले. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5 लाख 6 हजार, अंबरनाथची 2 लाख 53 हजार व बदलापूरची 1 लाख 74 हजार भरली. एवढ्या वस्तीच्या काँक्रीटला खडी लागते, भिंतींना वीट लागते, रस्त्याच्या भरावास मुरूम लागतो. शहरास लागणारा हा माल शहरात पिकत नाही. तो भोवतालच्या खेड्यांच्या डोंगरउतारांतून, वरकस जमिनींतून आणि भातखाचरांतून जातो. आणि जाण्यापूर्वी, निदान कागदोपत्री, ग्रामसभेपुढे येतो.

ग्रामसभेपुढे आलेल्या या अर्जाचे पुढे काय होते, हा प्रश्न महसूल खात्याचा आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. शेतीशी त्याचा संबंध काय, असेही विचारले जाते. वास्तविक पाहता गावाच्या शिवारात खत, बियाणे आणि औषधे यांनी दहा वर्षांत जी सुधारणा घडावयाची, ती एका चुकीच्या जागी दिलेल्या परवानगीने दोन पावसाळ्यांत नाहीशी होऊ शकते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने या विषयात लक्ष घातलेच पाहिजे.

प्रथम अधिकाराची गोष्ट. इमारती दगड, मुरूम, साधी माती, वाळू यांस कायद्यात 'गौण खनिज' म्हणतात. 1957 च्या केंद्रीय अधिनियमाने त्यांचे नियम करण्याचे काम राज्यांकडे सोपविले असून महाराष्ट्रात 2013 चे गौण खनिज नियम लागू आहेत. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 48 खनिजावर शासनाचा हक्क सांगते. त्यामुळे सातबारा स्वतःच्या नावाचा असला तरी विक्रीसाठी मुरूम काढावयाचा तर परवानगी घ्यावी लागते व स्वामित्वधन भरावे लागते. खाणपट्टा जिल्हाधिकारी देतात; अल्प मुदतीचे लहान परवाने तहसीलदार व उपविभागीय अधिकारी यांच्याकडून मिळतात. ग्रामपंचायत परवाना देत नाही. तिच्याकडून मागितला जातो तो ठराव.

या ठरावाचे वजन सर्वत्र सारखे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ठाणे जिल्ह्यातीलच शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे 1996 च्या पंचायत विस्तार अधिनियमानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. अंबरनाथ व उल्हासनगर हे तालुके त्या क्षेत्राबाहेर आहेत. अंबरनाथ तालुक्यातही कातकऱ्यांचे आणि ठाकरांचे पाडे आहेत, तशीच भातशेती आहे, तसाच पाऊस आहे. परंतु येथील ग्रामसभेचे मत हे मत म्हणूनच राहते. हा भेद प्रशासनाच्या सोयीचा असेल, उतारावरून वाहणाऱ्या पाण्यास तो समजत नाही. शिफारशीचा हा नियम अनुसूचित क्षेत्राबाहेरील गावांसही लावणे न्याय्य ठरेल. तोपर्यंत जेथे ठराव बंधनकारक नाही तेथे तो अधिक काळजीपूर्वक लिहिला जावा. सकारण लिहिलेली हरकत बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे नसते. दोन ओळींची 'ना हरकत' मात्र फाइलीत सहज विरून जाते.

आणि प्रत्यक्षात बहुधा दोन ओळीच लिहिल्या जातात. सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय शेवटचा, 'आयत्या वेळचे विषय' या सदरातला. गट क्रमांक वाचून दाखविला जातो, परंतु तो गट नेमका कोणता व त्याच्या खालच्या अंगाला कोणाची खाचरे आहेत हे कोणी विचारीत नाही. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी. तेवढ्या सह्या होतात, आणि ज्याच्या विहिरीचा प्रश्न असतो तो त्या दिवशी भाजी घेऊन बाजारात गेलेला असतो.

आता मातीचा हिशोब पाहावा. वीटभट्टीसाठी खाचरातील माती देणे हा या भागातील जुना व्यवहार आहे. एका एकरातून एक फूट माती काढली तर ती सुमारे 435 ब्रास भरते. ब्रासच्या दराने गुणाकार केला की आकडा मोठा दिसतो, आणि लग्नकार्य किंवा आजारपण असलेल्या घरास तो नाकारणे कठीण जाते. तथापि हिशोबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 22 लाख किलो माती असते. तिच्यात शेकडा 0.05 इतके एकूण नत्र धरले तरी ते 1,100 किलो होते, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या सुमारे 53 पोत्यांइतके. हे सारे नत्र पिकास एका वर्षी मिळत नाही. ते थोडेथोडे सुटत राहते, आणि म्हणूनच ते भांडवल आहे. भट्टीवाला माती नेतो तेव्हा हे भांडवल तो फुकट नेतो, कारण वीट भाजताना त्याचा त्याला काही उपयोग नसतो. असला थर पुन्हा तयार होण्यास शतके लागतात.

याहून मोठी हानी पातळीची आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. कोकणातील भातखाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात व पाणी बांधावरून एकातून दुसऱ्यात उतरते. मधले एक खाचर फूटभर खोल गेले की वरच्या शेजाऱ्याचा बांध पायथ्याशी सुटा होऊन कोसळतो, खालच्या शेजाऱ्यास वेळेवर पाणी मिळत नाही, आणि खोल झालेल्या खाचरात ते साचून रोपे कुजतात. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून खाचराच्या तळाशी जो घट्ट थर बसलेला असतो तो फुटला तर पाणी धरून राहतच नाही. म्हणजे माती एकाने विकली तरी नुकसान तिघांचे होते. खाचरातील मातीच्या अर्जावर केवळ मालकाची संमती पुरेशी मानणे यास्तव चुकीचे आहे. वरच्या व खालच्या खातेदारांचे म्हणणे ठरावात नोंदले गेले पाहिजे.

दगडखाणीची गोष्ट निराळी. खाण बहुधा वरकस जमिनीत किंवा डोंगराच्या पायथ्याशी असते, जेथे नाचणी-वरीचे पीकही आता फारसे घेतले जात नाही, म्हणून ती जमीन निरुपयोगी समजली जाते. परंतु काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातून. खाणीचा तळ जवळच्या विहिरीच्या तळाखाली गेला की त्या विहिरीचे पाणी खाणीकडे ओढले जाण्याचा संभव असतो. खडी क्रशरची धूळ पानांवर बसली की पर्णरंध्रे बुजतात, प्रकाश कमी मिळतो. आंब्याच्या मोहोरावर आणि भाजीपाल्यावर तिचा परिणाम होतो. खाणीच्या तोंडाशी ढीग घातलेला मुरूम पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याने खाली येऊन खाचरात पसरतो. या खोऱ्यात पाणी किती वेगाने चढते हे जुलै 2019 मध्ये सर्वांनी पाहिले. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वेढली गेली आणि सुमारे हजार प्रवाशांस बोटींतून बाहेर काढावे लागले. तो पूर अतिवृष्टीचा होता. परंतु तशा पावसात सुटा मुरूम जागच्या जागी राहील असे कोणी मानू नये.

मग प्रत्येक अर्जास नकार द्यावा काय? काही गावांत तसा सूर ऐकू येतो. तो समजण्यासारखा असला तरी शहाणपणाचा नव्हे. गावाची शाळा, गावाचा रस्ता, विहिरीचे बांधकाम यांसही खडी लागतेच. सरसकट नकार दिला की मागणी थांबत नाही, ती रात्रीच्या डंपरांकडे वळते. विनापरवाना उत्खननास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्त होऊ शकते. तरीही चोरी होते, आणि तीत शासनास स्वामित्वधन मिळत नाही व गावास अट घालण्याची संधीही मिळत नाही. शिवाय उत्खनन म्हणजे नेहमी हानीच असे नाही. 2017 साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातील गाळ काढून शेतात टाकला जातो. तेथे माती उलट दिशेने, म्हणजे शेताकडे जाते. अशा कामास ठराव देताना विलंब लावू नये.

विचारार्ह प्रश्न आहे तो जागेचा आणि अटींचा. किती खोलवर खणणार, जवळची विहीर किती अंतरावर, वरची माती वेगळी रचून ठेवून शेवटी परत पसरणार की नाही, सुरुंग कोणत्या वेळी उडविणार, गावच्या रस्त्यावर पाणी कोण शिंपडणार, हे ठरावात स्पष्ट शब्दांत आले पाहिजे. लहान लहान अर्जांपासून विशेष सावध राहावे. एकच डोंगर पाच जणांच्या नावांनी तुकड्यातुकड्याने मागितला जातो व प्रत्येक तुकडा निरुपद्रवी दिसतो. ही युक्ती ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांसही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली, आणि 2016 च्या केंद्रीय अधिसूचनेने एकमेकांपासून 500 मीटरांच्या आत असलेले पट्टे एकत्र मोजण्याची रीत घातली. ग्रामसभेनेही नवा अर्ज वाचताना शेजारचे जुने अर्ज टेबलावर ठेवावेत.

कृषी कर्मचाऱ्याचे काम येथे येते. अर्जातील गट नकाशावर दाखविणे, मातीची खोली आणि उतार पाहणे, खालच्या खातेदारांची यादी करणे, ही कामे तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या मदतीने एका सकाळी होण्यासारखी आहेत. त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. अशी टिपणी सभेपुढे असली तर चर्चा माणसांवर न जाता जमिनीवर राहते, हा तिचा आणखी एक लाभ.

पाहणीच्या वेळेसंबंधी मात्र एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशी भरतात, आणि जानेवारी व मे महिन्यांत जमीन कोरडी असते. त्या वेळी ओढा कोणत्या अंगाने वाहतो, झरा कोठे फुटतो, पाणी कोणत्या बांधावर चढते हे डोळ्यांस दिसत नाही. सर्व माळ सारखाच वाटतो. म्हणून उन्हाळी सभेत आलेला खाणीचा अर्ज स्थळपाहणीसाठी पुढे ठेवावा, लावणी उरकल्यावर श्रावणात चार खातेदारांनी जागेवर जाऊन पाणी पाहावे, आणि निर्णय 15 ऑगस्टच्या सभेत घ्यावा.