कर्जाच्या नोंदीपलीकडचा मनुष्य

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात कर्जाने खचलेल्या एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला, म्हणजे पंचनामा होतो, सातबाऱ्याचा उतारा, थकबाकीचा दाखला आणि वसुलीच्या तगाद्याचा पुरावा अशी कागदपत्रे तहसिलीत गोळा होतात, आणि यथावकाश जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' याचा निर्णय देते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयान्वये पात्र कुटुंबास एक लाख रुपये मिळतात. त्यांपैकी तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. सरकारी द्रव्यास नियम हवेत, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु विनापरवाना सावकाराकडून तोंडी उचल घेतलेल्या, किंवा दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसणाऱ्या मनुष्याच्या मृत्यूवर जेव्हा 'अपात्र' हा शेरा पडतो, तेव्हा तो केवळ अनुदानाच्या अर्जावर पडत नाही. गावात तो त्या मनुष्यावरच पडला असे समजले जाते, आणि मागे राहिलेली बाई तो निमूटपणे वाहत राहते.

अशा वेळी ख्रिस्ती श्रद्धेतील एका सिद्धान्ताचे स्मरण मला अगत्याचे वाटते. बायबलच्या आरंभीच, मनुष्याने अद्याप काहीही पिकवले वा कमावले नसताना, इतकेच नव्हे तर धर्मशास्त्राची एकही आज्ञा पाळली वा मोडली नसताना, ईश्वराने त्याला स्त्री आणि पुरुष म्हणून आपल्या प्रतिरूपात घडविले असे सांगितले आहे. म्हणजे मनुष्याचे मोल त्याच्या कर्तृत्वाच्या आधीचे आहे. जे कर्तृत्वाने मिळालेले नाही, ते नापिकीने वा कर्जाने हिरावले जाऊ शकत नाही.

येशूने द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दृष्टान्त सांगितला, त्यात दिवस मावळण्यापूर्वी तासभरच राबलेल्या मजुरासही धनी पुऱ्या दिवसाची मजुरी देतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. सीतादहीची पूजा करून कापसाच्या वेचणीला लागलेल्या आमच्याकडील बाया संध्याकाळी धुऱ्यावर येतात, कमरेच्या ओटीतला कापूस गाठोड्यात बांधतात आणि ताणकाट्याखाली रांगेने उभ्या राहतात. जितके किलो, तितके पैसे. बाळंतपणातून नुकती उठलेली किंवा पाठ वाकलेली बाई आपले गाठोडे काट्याला लावताना इतरांकडे पाहत नाही. त्या मजुरांची कुरकूर तिच्या शेजारणीला सहज उमजेल. पण धन्याचा न्याय किती धाडसाचा होता, हे कळण्यासाठी त्या शेवटच्या गाठोड्याजवळ उभे राहिले पाहिजे.

हा विचार परका आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी आपली विचारशक्ती मिशनऱ्यांच्या स्वाधीन केली नाही, आणि तेथील मठातील भगिनी जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकारालाही त्यांनी निर्भयपणे प्रश्न विचारले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी भुकेने मरणोन्मुख झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या आपल्या आश्रमात वसविल्या. तेथे अंध स्त्रियांना वाचावयास शिकविले जाई. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. आणि हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर आश्रमातल्याच स्त्रियांनी तेथील छापखान्यात छापले. ज्या मुलीला कोणी दाराशी उभी करीत नव्हते, तिच्या हाती रमाबाईंनी अन्नाबरोबर टंकाचे खिळेही दिले, यात मला त्यांच्या श्रद्धेचा खरा अर्थ दिसतो.

ख्रिस्ती मंडळ्यांनी हा सिद्धान्त नेहमी पाळला असे मात्र म्हणवत नाही. १९५३ पासून तीस वर्षे याच यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरीत धर्मोपदेशक घडत होते. तरी महाराष्ट्रातील चर्चमधूनही सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात विचारली गेलीच, आणि हा त्या श्रद्धेशी उघड द्रोह होय.

समितीने आपले निकष हवे तर ठेवावेत. पण मृत्यूच्या चौकशीस जाणाऱ्या अंमलदाराने थकबाकीबरोबर त्या घरातील वारस नोंद झाली काय, विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढले काय, मुलांची शाळा सुटली काय आणि पुढच्या हंगामास बियाणे आहे काय, एवढे तरी प्रत्येक घरी, पात्र-अपात्र न पाहता, विचारून नोंदवावे व तडीस न्यावे. हीच विचारपूस जप्तीची नोटीस काढण्यापूर्वी, मनुष्य जिवंत असताना, कोलाम आदिवासींच्या वस्तीपर्यंत, पोडापर्यंत जाऊन करणे तहसिलीच्या आवाक्याबाहेरचे नाही.