शुद्ध तंबाखूचा जमाखर्च

"खर्रा वाईट. त्यात सेंट असतो, केमिकल असते, कसली कुठली सुपारी असते. आम्ही साधी पानाची तंबाखू खातो. तिच्यात काही मिसळलेले नसते, म्हणून ती बाधत नाही." असे छातीठोकपणे सांगणारे बंधू चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावोगाव भेटतात. हे बंधू अडाणी नसतात. त्यांच्यात शिक्षक असतात, बाबू असतात, व्यसनमुक्तीच्या सभेत पुढच्या रांगेत बसणारे कार्यकर्तेही असतात. म्हणून त्यांचे म्हणणे हसण्यावारी न नेता, हिशेबाची वही उघडावी तसे आज ते तपासून पाहू. जमेला काय आहे ते जमेला धरू आणि नावे काय पडते ते नावे टाकू.

हा समज पक्का होण्यामागे कायद्याचाही थोडा हात आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालण्यास मनाई झाली. गुटखा हा खाद्यपदार्थ धरला गेला आणि त्याच आधारे महाराष्ट्र शासनाने २०१२ च्या जुलैमध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा हेही त्या बंदीत आले. साधी तंबाखू आणि बिडी मात्र २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली राहिली. अठरा वर्षांखालील मुलांना विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही, वेष्टनावर इशारा छापायचा, पण विक्री चालू. यावरून लोकांनी सोयीचा अर्थ काढला की सरकारने ज्यावर बंदी घातली ते विष आणि ज्यावर घातली नाही ते निर्धोक. वास्तविक तो फरक कोणता माल कोणत्या कायद्यात बसतो एवढाच आहे. साध्या तंबाखूच्या पुडीवरही कर्करोगाचे चित्र छापलेले असतेच. २०१६ च्या एप्रिलपासून तो इशारा वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर असावा लागतो. पुडी फाडताना तो आपण पाहत नाही, इतकेच.

आता आधी जमेची बाजू पाहू. ती प्रामाणिकपणे मांडली नाही, तर खाणारा माणूस पुढचे ऐकतच नाही. पहिली गोष्ट, साध्या तंबाखूत सुपारी नसते. तोंड आखडून दोन बोटेही आत न जाण्याचा जो आजार आज आपल्या तरुण पोरांत दिसतो, त्याचे मुख्य कारण सुपारी आहे. नुसती तंबाखू खाणारा त्या एका आजारातून बराचसा वाचतो, हे मान्य केले पाहिजे. दुसरी गोष्ट पैशाची. दिवसाला वीस रुपयांचे दोन खर्रे धरले तर चाळीस रुपये होतात, म्हणजे वर्षाला १४,६०० रुपये. दहा रुपयांची तंबाखूची पुडी दोन दिवस पुरली तर वर्षाला १,८२५ रुपये. तिसरी गोष्ट, रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करताना, रात्री धानाची राखण करताना किंवा मोहफुलाच्या हंगामात पहाटे उठताना तंबाखूने तरतरी येते, भूक मरते, सकाळी पोट साफ होते, असे लोक सांगतात. आणि चौथी गोष्ट, डबी पुढे केली की अनोळखी माणूसही दोन शब्द बोलतो. हे सगळे खोटे आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

परंतु या चारपैकी तिसरी रक्कम नीट तपासावी लागते. तरतरी देणारे आणि भूक मारणारे द्रव्य म्हणजे निकोटिन. ते आतड्यालाही चालना देते, म्हणून पोट साफ झाल्यासारखे वाटते. काही दिवसांतच मेंदूला त्याची सवय लागते. मग तंबाखू न मिळाल्यास चिडचिड होते, डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही. चिमूट टाकली की ते सारे शमते आणि माणूस म्हणतो, बघा, हिनेच बरे वाटले. म्हणजे जी तूट तंबाखूने पाडली ती भरून काढण्यासाठी पुन्हा तंबाखूच घ्यायची. कर्ज काढून व्याज भरावे आणि त्याला उत्पन्न म्हणावे, तसा हा प्रकार आहे. भुकेचेही तेच. भूक मेली म्हणजे पोट भरले असे होत नाही. ज्या घरात आधीच भाजी-डाळ कमी, त्या घरातल्या माणसाची भूक मारणारी वस्तू स्वस्त कशी म्हणावी?

आता मुख्य प्रश्न. तंबाखूत बाहेरून काही मिसळले नाही, म्हणजे तिच्यात काही घातक नाही, असे होते काय? शेतकरी बंधूंना याचे उत्तर ठाऊक आहे. निकोटिन हे तंबाखूच्या झाडाने किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी तयार केलेले विष आहे. सेंद्रिय शेतीत जे अग्निअस्त्र करतात, त्यात कडुनिंब, हिरवी मिरची, लसूण आणि गोमूत्र यांच्याबरोबर तंबाखूही टाकतात. ती कशासाठी? किडी मराव्यात म्हणून. त्या फवाऱ्याला आपण नैसर्गिक म्हणतो, पण तो कोणी पीत नाही. नैसर्गिक असणे आणि निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या जंगलातही विषारी फळे आहेत आणि तीही शुद्धच असतात.

शिवाय ही वस्तू आपल्या जंगलातली नाही. "वाडवडिलांपासून खात आलो" असे आपण म्हणतो, परंतु तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली आणि सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरहून अकबराच्या दरबारात पोचली, असे इतिहासात नमूद आहे. म्हणजे वाडवडिलांचा हा वारसा सुमारे चारशे वर्षांचाच आहे.

कर्करोग होतो तो कशाने, हेही समजून घेऊ. ओले पान तोडल्यावर ते सुकवतात, मुरवतात, साठवतात. या काळात पानातल्याच निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसमाइन नावाची रसायने तयार होतात. तंबाखूतले कर्करोग घडवणारे मोठे घटक हेच. कारखान्यात कोणी ते ओतत नाही, ते त्या पानातच जन्म घेतात. खर्ऱ्यातला सेंट काढून टाकला तरी ते राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू माणसात कर्करोग घडवते असा स्पष्ट निर्वाळा दिलेला आहे. तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग तिच्यामुळे होतो. सुपारीबद्दलही या संस्थेने २००४ मध्ये तसाच निर्णय दिला. म्हणजे खर्रा खाणारा दोन विषे घेतो आणि साधी तंबाखू खाणारा एक. एक कमी झाले हे खरे, पण उरलेले विषच आहे.

आणि ज्याला आपण "काही न मिसळलेली" म्हणतो, तिच्यात आपण स्वतःच्या तळहातावर चुना मिसळतो, हे कसे विसरता येईल? चुन्यामुळे निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. म्हणूनच चुन्याशिवाय "लागत नाही". तोच चुना ती नाजूक त्वचा भाजून काढतो. वर्षानुवर्षे ज्या जागी चिमूट धरली जाते, त्या ओठामागे किंवा गालात पांढरा चट्टा पडतो. तो दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. पुढे रोग तिथेच मूळ धरू शकतो.

बिडीची गोष्टही तशीच. तेंदूचे पान, आत तंबाखू, वर दोरा. यापेक्षा साधी वस्तू ती काय असणार? परंतु तेंदूपानातून हवा कमी जाते, म्हणून बिडी विझू नये यासाठी वरचेवर आणि खोल झुरका मारावा लागतो. आकाराने लहान असूनही बिडी ओढणाऱ्याच्या छातीत सिगारेटच्या तुलनेत निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच जाते. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोका वाढतो. आपल्या वस्त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हा भ्रम फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत "नॅचरल अमेरिकन स्पिरिट" नावाची सिगारेट, तंबाखूत काहीही मिसळलेले नाही अशा जाहिरातीवर खपत असे. काही मिसळले नाही म्हणजे सिगारेट कमी धोक्याची झाली असे नव्हे, हा खुलासा जाहिरातीत छापणे त्या कंपनीला २००० मध्ये भाग पडले. २०१५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला ताकीद दिली आणि २०१७ मध्ये "अ‍ॅडिटिव्ह-फ्री" हे शब्द वेष्टनावरून काढण्याचे ठरले. शिकलेल्या, पैसेवाल्या देशातली माणसेही "शुद्ध" या शब्दाला भुलली. आपण भुललो तर नवल नाही, पण आता भुललेलेच राहण्याचे कारण नाही.

भगिनींसाठी दोन शब्द. पुरुषाची डबी सगळ्यांना दिसते, बाईची नस दिसत नाही. भाजलेल्या तंबाखूची पूड दाताला घासणे हे अनेक घरांत दात साफ करणेच समजले जाते. दाढ दुखली की नस, सकाळी उठले की नस, दुपारी जेवून झाले की पुन्हा नस. काही जणी गुडाखू लावतात. हिरडी बधिर झाल्याने दुखणे थांबल्यासारखे वाटते आणि कीड आत वाढत राहते. गरोदरपणी तर हे फारच घातक आहे. निकोटिन रक्तातून बाळापर्यंत जाते, बाळ कमी वजनाचे जन्मते, पोटातच दगावण्याचा धोकाही वाढतो. सासूने सुनेला नस लावायला शिकवावे असा हा वारसा नाही. सुनेनेच सासूला प्रेमाने थांबवावे.

देशाच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. ओढणारे होते ३.८ टक्के आणि खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा कमी आणि चिमटीचा जास्त आहे.

यावर कोणी विचारील, तेंदूपत्त्यावर तर आपली चूल पेटते, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात तेंदूच्या हंगामात जो रोख पैसा हाती येतो, त्यावर अनेक घरांची शाळेची आणि बी-बियाण्याची गरज भागते. मजुराला दोष देणे हे आपले काम नव्हे. पण याच भागात दुसराही मार्ग शोधला गेला आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि शेवटी त्या पानातून निघते ते माणसाला अपायकारक, असा त्यांचा विचार. त्यांनी बांबूवर उत्पन्न उभे केले आणि तेंदूची फळे माणसांना व पाखरांना खायला झाडावर राहू लागली. प्रत्येक गावाला हे लगेच जमेल असे नाही, पण एका गावाला जमले याची नोंद असावी. गडचिरोलीतही शासन, डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ पासून दारूबरोबर तंबाखूविरुद्धही 'मुक्तिपथ' हे काम सुरू केले.

आता घरी करायच्या गोष्टी. जो कोणी तंबाखू, खर्रा, नस किंवा बिडी घेतो, त्याने महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडावे. आपलीच तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे. गाल, ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर वैदूकडे न जाता ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात दाखवावे. चट्टा वेळीच सापडला तर पुष्कळ वाचते.

सोडायचे असेल तर तारीख ठरवावी आणि ती घरात सांगावी. डबी, चुन्याची ट्यूब घरात ठेवू नये. पहिला आठवडा जड जातो, तीन-चार आठवड्यांत तगमग बरीच कमी होते. तलफ आली तरी ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावे, लवंग, ओवा किंवा वाळवलेला आवळा तोंडात धरावा, दोन पावले चालून यावे. सुपारी मात्र धरू नये. शासनाचा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी सल्ला देतो. एकदा मोडले तर पुन्हा तारीख ठरवावी, त्यात लाज नाही.

असो. जमेला सुपारीचा एक आजार टळला आणि काही हजार रुपये वाचले. नावे मात्र तोंड, घसा, छाती, पोटातले बाळ आणि आयुष्याची वर्षे पडली. खर्ऱ्याच्या वहीपेक्षा ही वही थोडी बरी दिसते, पण शिल्लक हिच्यातही नाही. तंबाखू शुद्ध आहे की भेसळीची, याचा वाद पानठेल्यावर खुशाल चालू द्यावा. आपल्या घरातली डबी मात्र या महिन्यातच रिकामी करावी, आणि त्या १,८२५ रुपयांत वर्षभर पोरांसाठी काय आणायचे ते घरातल्या बाईला विचारून ठरवावे.